कड्यावरचे दृश्य आणि कड्याखालचे पाणी

पावसाळ्यातील शनिवार-रविवार आला, की अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांतून परतवाड्याच्या दिशेने वाहनांची रीघ लागते. धामणगाव गढीचा घाट चढून चिखलदरा गाठायचे, देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, भीमकुंड, पंचबोल अशी ठरलेली स्थळे पाहायची, धुक्यात उभे राहून भाजलेले कणीस खायचे, छायाचित्रे काढायची आणि दिवेलागणीपूर्वी घाट उतरायचा, हा वऱ्हाडातील सहलीचा शिरस्ता झाला आहे. अलीकडच्या काळात चिखलदऱ्याची चर्चा बव्हंशी नियोजित स्कायवॉकभोवती फिरत राहिली. कड्याच्या टोकावरून खाली पाहण्याचे आकर्षण त्यातून दिसून येते. परंतु जे पाहायला माणसे एवढ्या दुरून येतात, तो कडा मुळात तेथे का आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर पर्यटनापुरते मर्यादित नाही. कड्याखाली पसरलेल्या सपाट मैदानात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, भातकुली असे तालुके आहेत. तेथील अनेक गावांत विहीर खणली, तर पाणी लागते; पण ते पिता येत नाही. हाच खारपाणपट्टा होय. चिखलदऱ्याचा कडा आणि खारपाणपट्ट्याचे खारे पाणी या दोन स्वतंत्र गोष्टी वाटत असल्या, तरी भूशास्त्राच्या दृष्टीने त्या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. देवी पॉइंटवर उभा राहणारा वऱ्हाडी माणूस वस्तुतः आपल्याच पाण्याची जन्मकथा पाहत असतो.

लाव्हाचे थर

घाट चढताना रस्त्यासाठी फोडलेल्या दरडींकडे लक्ष दिले, तर खडकांचे आडवे थर सहज ओळखता येतात. एक थर काळाकभिन्न, घट्ट आणि उभ्या भेगांचा असतो. त्याच्या वरचा भाग ठिसूळ, बारीक छिद्रांनी भरलेला असतो. त्या छिद्रांत कोठे कोठे पांढरे, चमकदार स्फटिक दिसतात. मग मध्येच विटकरी रंगाचा एक पातळ पट्टा येतो आणि त्यावर पुन्हा काळा खडक सुरू होतो.

हा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून तप्त लाव्हा बाहेर पडला आणि सपाट पसरत गेला. एक लोंढा थंड व्हायचा, काही काळ लोटायचा, मग त्यावर दुसरा लोंढा यायचा. लोंढ्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून छिद्रे पडली. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून झिओलाइटसारखी खनिजे साचली, तेच हे पांढरे स्फटिक. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात वरच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती तयार होई. पुढच्या लोंढ्याने ती भाजली जाई. विटकरी पट्टा म्हणजे तीच जुनी, भाजलेली माती.

असे थरांवर थर रचले जाऊन दख्खनचे पठार तयार झाले. झीज होऊन उरलेला त्याचा आजचा विस्तारही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचा आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो खडक आणि गाविलगडचे डोंगर ही सारी याच लाव्हाची रूपे आहेत.

देवी पॉइंटला कड्यातील खडकाखाली देवीचे ठाणे आहे आणि वरच्या खडकातून पाणी पाझरत असते. भाविकांच्या दृष्टीने तो देवीचा प्रसाद आहे. भूशास्त्र त्याची रीत सांगते. पठारावर पडलेला पाऊस घट्ट खडकाच्या उभ्या भेगांतून खाली उतरतो. खालच्या थरात त्याची वाट अडली, की ते पाणी आडवे वळते आणि कड्याच्या उघड्या तोंडातून बाहेर येते. भाजलेल्या मातीचा चिकण पट्टा असा अडसर अनेक ठिकाणी घालतो. म्हणूनच डोंगरातील कित्येक झरे एका विशिष्ट पातळीवर ओळीने आढळतात.

एकवीस अंशांवरचे बेट

लाव्हा थंड होऊन खडक कसा बनतो, हे प्रत्यक्ष पाहायचे तर आज वऱ्हाडात ते शक्य नाही. त्यासाठी हिंदी महासागरातील रीयुनियन या बेटाकडे जावे लागेल. मादागास्करच्या पूर्वेला असलेले हे बेट फ्रान्सच्या अखत्यारीत येते. योगायोग असा, की विषुववृत्ताच्या उत्तरेस ज्या सुमारे २१ अंशांवर चिखलदरा आहे, जवळजवळ तितक्याच अंशांवर विषुववृत्ताच्या दक्षिणेस हे बेट आहे.

नात्याचा धागा मात्र योगायोगाचा नाही. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांच्या मते दख्खनचा लाव्हा ज्या खोल तप्त स्रोतातून वर आला, तोच स्रोत आज रीयुनियन बेटाखाली आहे. लाव्हा वाहिला त्या काळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि वेगाने उत्तरेकडे सरकत होता. भूखंड पुढे निघून गेला; तप्त स्रोत मागेच राहिला. त्याच्या खुणा लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस यांच्या बुडालेल्या डोंगररांगेच्या रूपाने समुद्रतळावर उमटत गेल्या. पुढे मॉरिशस आणि सर्वांत शेवटी रीयुनियन तयार झाले. काही संशोधकांना हा सिद्धांत पूर्णपणे मान्य नाही. तरी समुद्रतळावरील खडकांचे वय उत्तरेकडून दक्षिणेकडे कमी होत जाते, हा त्याचा भक्कम आधार मानला जातो.

या बेटावरील पितों दे ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. एप्रिल २००७ मधील मोठ्या उद्रेकात त्याचा लाव्हा किनाऱ्यालगतचा राष्ट्रीय मार्ग ओलांडून समुद्रात उतरला आणि बेटाच्या भूमीत नवी भर पडली. दक्षिण किनाऱ्यावर काप मेशां नावाचे ठिकाण आहे. तेथे काळ्या लाव्हाचे कडे सरळ समुद्रात उतरतात, लाटा त्यांवर आदळून फेसाचे लोट उडतात आणि काठावर केवड्याच्या कुळातील झाडे उभी आहेत. सहलीला येणारी कुटुंबे तेथे कड्याच्या काठाने फिरतात, डबे उघडून जेवतात. खडक तोच, लाव्हाचा स्रोतही बहुधा तोच. फक्त वयात साडेसहा कोटी वर्षांचे अंतर. २०१० मध्ये या बेटाची शिखरे, खोरी आणि उभे कडे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले.

काप मेशांचा कडा समुद्राच्या लाटांनी कुरतडला आहे. चिखलदऱ्याला समुद्र नाही. मग एवढा सरळ कडा कशाने कापला गेला?

जमीन तुटली तेव्हा

गाविलगडच्या डोंगरांचा नकाशा पाहिला, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. डोंगरांची दक्षिणेकडची कड जवळजवळ सरळ रेषेत, पश्चिम-नैर्ऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे जाते. नदी किंवा पाऊस जमीन कापतो, तेव्हा अशी सरळ रेषा क्वचितच तयार होते. एवढी लांब, सरळ कड दिसली, की भूशास्त्रज्ञ भूभ्रंशाचा शोध घेतात. भूभ्रंश म्हणजे जमिनीच्या कवचाला पडलेली अशी फट, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून वरखाली झालेले असतात. येथील भूभ्रंश गाविलगड भूभ्रंश या नावाने ओळखला जातो.

लाव्हाचे थर पसरल्यानंतरच्या दीर्घ काळात या फटीच्या उत्तरेकडील भाग उचलला गेला आणि दक्षिणेकडील भाग खचला. उचललेला भाग म्हणजे सातपुड्याची ही रांग, खचलेला भाग म्हणजे पूर्णेचे खोरे. आजचा कडा नेमका फटीवर उभा नाही. ऊन, पाऊस आणि ओढे यांनी तो झिजवत झिजवत उत्तरेकडे मागे सरकवला आहे. मूळ फट पायथ्याच्या दगड-गोट्यांखाली झाकली गेली आहे.

याचा पुरावा मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे पाहायला मिळतो. एरवी शेकडो मीटर बेसाल्टखाली गाडलेले, लाव्हापूर्वीचे गाळाचे खडक तेथे उघडे पडले आहेत. या खडकांत डायनोसॉरचे जीवाश्म सापडले आहेत. जमीन उचलली गेली नसती, तर ते कधीच उजेडात आले नसते. सालबर्डीचा उष्ण पाण्याचा झराही सर्वांच्या परिचयाचा आहे. जमिनीत खोलवर गेलेल्या भेगांतून पाणी तापून वर येते, तेव्हा असे झरे निर्माण होतात. भूभ्रंशांच्या आसपास ते आढळणे स्वाभाविक आहे.

सातपुड्याचा पट्टा पूर्णपणे शांत झालेला नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहा रिश्टरहून अधिक तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच विस्तृत पट्ट्याच्या ईशान्येकडील भागातला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मेळघाटात ४.२ तीव्रतेचा धक्का जाणवला. यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र कडा ज्या हालचालींतून घडला, त्या इतिहासजमा झालेल्या नाहीत, एवढे यावरून कळते.

येथे एका प्रचलित समजाचाही खुलासा करायला हवा. भीमकुंडाची दरी साडेतीन हजार फूट खोल असल्याचे मार्गदर्शक आणि माहितीपत्रके सांगतात. चिखलद‍ऱ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १,११८ मीटर, म्हणजे सुमारे ३,६७० फूट आहे. पायथ्याचे अचलपूर ३७० मीटरच्या आसपास आहे. माथा आणि मैदान यांतील फरक साडेसातशे मीटरच्या आत, म्हणजे अडीच हजार फुटांपेक्षाही कमी भरतो. साडेतीन हजारांचा आकडा हा बहुधा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा असून तोच दरीच्या खोलीला चिकटला असावा. किचकाचा वध करून भीमाने येथे हात धुतले, ही कथा जनमानसात रुजलेली आहे. तिला अशा फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. अडीच हजार फुटांचा उतार हाही काही लहान नव्हे.

सेनापतीने वाचलेला भूगोल

या डोंगराची एक बाजू तुटलेली आणि दुसरी सलग आहे, ही गोष्ट भूशास्त्रज्ञांच्या आधी लढवय्यांनी ओळखली होती. गाविलगड किल्ला याची साक्ष देतो. बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या काळात, १४२५-२६ च्या सुमारास, तो बांधला गेला असे इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. दक्षिणेकडून म्हणजे मैदानाच्या बाजूने पाहिले, तर किल्ल्याला तटाची गरजच नाही असे वाटावे, इतका तो उंच आणि तुटलेला दिसतो.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. सैन्याचा एक भाग माघार घेऊन गाविलगडावर गेला. वेलस्लीने दक्षिणेच्या बाजूने तोफा डागून किल्लेकऱ्यांचे लक्ष वेधून ठेवले. खरा हल्ला मात्र उत्तरेकडून झाला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा अनेक दिवस डोंगरवाटांनी ओढत, वळसा घालून लबाडा या गावाजवळ आणल्या. तेथे किल्ला पठाराला जोडलेला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी तटाला खिंडार पडले आणि किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वऱ्हाडाच्या पुढील राजकारणाची दिशा ठरली.

आजही गडावर जाणारा पर्यटक चिखलदऱ्याहून म्हणजे पठाराच्या बाजूने आत शिरतो. दक्षिणेकडच्या बुरुजावर पोहोचल्यावर एकाएकी पायाखालची जमीन संपते आणि समोर परतवाडा-अचलपूरचे मैदान उघडते. स्टीव्हन्सनच्या तोफा उत्तरेकडून का आल्या, याचे उत्तर तेथे उभे राहिल्यावर आपोआप मिळते.

खाऱ्या पाण्याचा जन्म

आता त्या मैदानाकडे वळायला हवे. जमीन खचल्यामुळे दक्षिणेला एक लांबट खोलगट भाग तयार झाला. डोंगरावरून उतरणाऱ्या नद्या-ओढ्यांनी त्यात लाखो वर्षे दगड, वाळू आणि माती आणून टाकली. गाळाची ही भर काही ठिकाणी तीन-चारशे मीटरपेक्षाही जाड आहे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावलेली पूर्णा नदी या गाळातून अमरावती, अकोला, बुलढाणा असा प्रवास करीत जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते.

गाळ सर्वत्र सारखा बसला नाही. पाण्याचा वेग डोंगर सुटताच मंदावतो. त्यामुळे जड दगड-गोटे पायथ्याशीच पडतात, वाळू थोडी पुढे जाते आणि सर्वांत बारीक चिकणमाती नदीजवळ जाऊन साचते. पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्याला भूजल क्षेत्रात बझाडा म्हणतात. तेथे पाणी झपाट्याने मुरते आणि ते गोड असते. खोऱ्याच्या मध्यभागी मात्र चिकणमातीचे जाड थर आहेत. त्यांतून पाणी अतिशय संथ सरकते, उतार नगण्य असल्याने निचरा होत नाही आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन प्रचंड होते. पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे राहतात. हजारो वर्षे असे होत राहिले, की भूजल खारे होते.

एकेकाळी येथे समुद्राचा फाटा होता आणि त्याचेच पाणी जमिनीत अडकून राहिले, असा तर्क जुन्या अभ्यासकांनी मांडला होता आणि गावोगावी तो अजूनही ऐकायला मिळतो. नंतरच्या अभ्यासांत मात्र बंदिस्त खोरे, संथ निचरा आणि बाष्पीभवन यांवर अधिक भर दिला जातो. म्हणजे दोष समुद्राचा नसून खोलगट जागेचा आहे, आणि ती खोलगट जागा कडा ज्या हालचालीने उभा राहिला तिनेच दिली.

या पट्ट्याचा विस्तार अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून अधिक असून सुमारे नऊशे गावे त्यात मोडतात. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर २,००० मिलिग्रॅम चालतील, असे भारतीय मानक सांगते. खारपाणपट्ट्यातील अनेक विहिरी आणि हातपंप या मर्यादेत बसत नाहीत. या पाण्यामुळे मूत्रपिंडाचे विकार होतात, अशी तक्रार गावकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. शेतीचीही तीच अडचण. खारे पाणी ओलितासाठी दिले, तर सोडियममुळे काळी जमीन घट्ट होते आणि हळूहळू नापीक बनते. त्यामुळे पायाखाली पाणी असूनही शेतकरी पावसाच्या भरवशावर राहतो. खरिपात कापूस, तूर, मूग आणि रब्बीत जमिनीतील ओलीवर हरभरा, असा त्याचा संसार चालतो. पावसाचे गोड पाणी शेततळ्यात साठवून एक-दोन संरक्षित पाळ्या देणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय ठरला आहे.

गोड पाणीही कड्याचेच

ज्या डोंगराने खोलगट जागा दिली, त्यानेच उतारादाखल गोड पाणीही दिले आहे. मोसमी ढग मैदान ओलांडून या उंच भिंतीवर चढतात, थंड होतात आणि बरसतात. अकोल्याच्या भागात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. चिखलदऱ्याला तो दीड हजार मिलिमीटरच्या घरात जातो. मेळघाटचे जंगल तो पाऊस धरून ठेवते आणि सावकाश सोडते. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला, तेव्हा उद्देश वाघ वाचवण्याचा होता. त्याबरोबर वऱ्हाडाच्या नद्यांचे उगमही राखले गेले.

या नद्या डोंगर सोडतात तेथेच धरणे बांधली आहेत. तेल्हारा तालुक्यातील वान नदीवरचा हनुमान सागर, अंजनगाव सुर्जीजवळचे शहानूर धरण, अचलपूर परिसरातील चंद्रभागा आणि सापन हे प्रकल्प अशी ही माळ आहे. वान प्रकल्पातून अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजनेला, तर शहानूरमधून दर्यापूर-अंजनगाव भागाला पाणी मिळते. खारपाणपट्ट्यातील गावांत नळाला येणारे पाणी म्हणजे कड्यावर पडलेला पाऊसच होय. धरणाचे पाणी शेतीला द्यायचे, गावांना की शहराला, यावरून जे वाद उद्भवतात, त्यांचे मूळही हे आहे, की सगळ्यांची नजर त्याच एका डोंगराकडे लागलेली आहे.

पायथ्याच्या बझाडा पट्ट्याची स्थितीही चिंताजनक आहे. संत्र्याच्या बागांमुळे वरुड-मोर्शी भागात विंधन विहिरी खोल खोल जात राहिल्या आणि हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जाऊ लागले. पाणी मुरण्याची सर्वांत चांगली जागा आणि पाणी उपसण्याची सर्वांत मोठी घाई एकाच ठिकाणी आली आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या याच सच्छिद्र पट्ट्यात नदीचे पाणी मुरवावे, अशी त्यामागील कल्पना आहे. योजना कशी उतरते ते काळ ठरवील. पण तिचा पाया ज्या भूरचनेवर आहे, ती समजून घेण्यासाठी एक दिवसाची सहल पुरेशी आहे.

सहल अशीही करता येईल

पावसाळ्यात चिखलदरा हिरवागार असतो. परंतु धुक्यामुळे कड्यावरून खालचे मैदान दिसत नाही. भूरचना पाहायची असेल, तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ चांगला. पाऊस ओसरलेला असतो, हवा स्वच्छ असते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात थर स्पष्ट उठून दिसतात.

अकोल्याहून निघणाऱ्यांनी अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा हा मार्ग धरावा. गांधीग्रामला पूर्णा ओलांडताना नदीचे उंच मातीचे काठ पाहावेत. खोरे ज्या गाळाने भरले, त्याचा वरचा भाग तेथे उघडा आहे. अमरावतीहून येणाऱ्यांना पूर्णा आसेगावला भेटते. अकोटच्या पुढे उजाड काळे शिवार मागे पडून संत्र्याच्या आणि केळीच्या बागा दिसू लागल्या, की खारे पाणी संपून गोडे सुरू झाले असे समजावे. परतवाड्याच्या पुढे ओढ्यांच्या पात्रात मोठाले गोटे दिसतात. घाटात एखाद्या सुरक्षित, रुंद जागी थांबून दरडीतील काळे आणि विटकरी थर मोजावेत.

पंचबोल पॉइंटवर हाक मारून प्रतिध्वनी ऐकण्याचा आनंद लहानथोर सारेच घेतात. मुलांबरोबर तेथे एक छोटा प्रयोग करता येईल. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हाकेनंतर एका सेकंदाने पहिला प्रतिध्वनी आला, तर समोरचा कडा सुमारे १७० मीटरवर आहे; दोन सेकंदांनी आला, तर ३४० मीटरवर. वेगवेगळ्या अंतरांवरच्या भिंती वेगवेगळ्या वेळी उत्तर देतात, म्हणून एक हाक अनेकदा ऐकू येते.

काही पथ्ये मात्र पाळावीच लागतात. बेसाल्टच्या उभ्या भेगांमुळे कड्याच्या टोकाचे दगड सुटे होऊन राहिलेले असतात आणि पावसाने ते निसरडे होतात. कठडा ओलांडून छायाचित्र काढण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. गाविलगड हे संरक्षित स्मारक आणि वनक्षेत्राचा भाग आहे. तेथील वेळा आणि नियम पाळायला हवेत.

शेवटचे पथ्य कचऱ्याचे. ते केवळ सौंदर्यासाठी नाही. देवी पॉइंटच्या परिसरात उगम पावणारी चंद्रभागा कडा उतरून अचलपूरच्या बाजूने मैदानात येते आणि खारपाणपट्ट्याच्या ऐन मध्यावरील दर्यापूरला जाऊन पोहोचते. ज्या गावांच्या विहिरींनी पाण्याच्या बाबतीत दगा दिला, त्यांच्याकडे हे डोंगराचे पाणी वाहत असते. कड्यावरून भिरकावलेली पाण्याची रिकामी बाटली धुक्यात दिसेनाशी होते, पण नाहीशी होत नाही. पुढच्या पुरात ती त्याच वाटेने निघते.